परतणे

मराठीत 'परतणे' हे क्रियापद मोठे कामसू आहे. गणपतीला मुंबईचा चाकरमानी गावाकडे परततो आणि विसर्जन आटोपले की जड पायांनी मुंबईला परततो. दोन्ही दिशांना एकच शब्द पुरतो. पावसाच्या तोंडावर आमच्या कोकणात घराची कौले परतून घेतात. स्वयंपाकघरात कांदा परततात. आणि डोंगरात, माथा हाकेच्या अंतरावर दिसत असताना, ढग आणि घड्याळ पाहून जो शहाणा मनुष्य पाठ फिरवतो, तोही परततोच. एखाद्या गोष्टीकडे पुन्हा जाणे आणि एखाद्या गोष्टीपासून मागे फिरणे, यांसाठी आपल्या पूर्वजांनी दोन निराळे शब्द का केले नाहीत, याचा मी अलीकडे फार विचार करतो. कारण चोवीस वर्षांच्या खंडानंतर मी डोंगराकडे परतलो आहे. आणि छप्पन्नाव्या वर्षी हे शोभते का, इतकेच नव्हे तर याचा मला हक्क तरी आहे का, असे मला घरीदारी विचारले जाते.

शोभण्याचा प्रश्न मी चटकन निकालात काढतो. पोट सुटलेल्या माणसाने कमरेला दोर बांधून कातळाला बिलगलेले चांगले दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण न शोभणाऱ्या कितीतरी गोष्टी आपण पन्नाशीनंतर चारचौघांत करतो आणि समाज त्या गोड मानून घेतो. हक्काचा प्रश्न मात्र असा हसण्यावारी नेता येत नाही.

आधी डोंगर सुटतो कसा, ते सांगितले पाहिजे. तो कोणी ठरवून सोडत नाही. नोकरी लागते, लग्न होते, मुलगी होते, वडील अंथरुणाला खिळतात, कलमांच्या बागेचे काम अंगावर येते. आणि 'पुढच्या शनिवारी नक्की' असे म्हणता म्हणता शनिवारांची वर्षे होतात. ज्या दोरावर मी एके काळी निर्धास्तपणे जीव टांगला, त्यावर पुढे मुलीचा झोपाळा टांगला गेला आणि अखेर तो दोर आंब्याच्या पेट्या टेम्पोत आवळण्याच्या कामी आला. बूट तेवढे माळ्यावर जपून ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी ते काढले तेव्हा दिसायला अगदी नवेकोरे होते. ते घालून रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाकडे निघालो, तर शंभर पावलांत डाव्या बुटाचा तळ सुटून मागे राहिला. चौकशी केल्यावर कळले की अशा बुटांच्या तळातला फोम दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतल्या आत विरतो. दोरांचेही तसेच. दोर बनवणारेच सांगतात, दहा वर्षे झाली की एकदाही न वापरलेला दोरसुद्धा टाकून द्यावा.

वस्तू या बाबतीत प्रामाणिक असतात. त्यांचा तळ सुटतो तेव्हा तो सुटलेला दिसतो. माणसाची पंचाईत अशी की त्याची आठवण मात्र नवीकोरी राहते. कोणती खोबण कुठे आहे, घसाऱ्यावर पाऊल कसे टाकायचे, हे सारे मनात जसेच्या तसे असते. शरीराचा हिशेब निराळ्या वहीत चाललेला असतो. व्यायाम सुटलेल्या माणसाची प्राणवायू घेण्याची कुवत तिशीनंतर दर दहा वर्षांस साधारण १० टक्क्यांनी उतरते, असे शरीरशास्त्र सांगते. पुन्हा सराव सुरू केला तर स्नायू दोनतीन महिन्यांत बऱ्यापैकी साथ देऊ लागतात. पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश जाग्या होतात. म्हणजे सर्वांत धोक्याचा काळ पहिल्या आठवड्याचा नसतो. तेव्हा मनुष्य धापा टाकत असतो आणि आपोआप नम्र असतो. धोका तिसऱ्या महिन्यात असतो, मांड्यांत जोर आलेला असतो आणि गुडघ्याला अजून वार्ता नसते तेव्हा.

आता हक्काचे. आमच्या घरी हा प्रश्न मांडला तो फार सोप्या शब्दांत. माझी पत्नी म्हणाली, "अहो, तेव्हा पडला असतात तर सासूबाईंनी जन्मभर डोळे गाळले असते. आता पडलात तर विम्याचे, बँकेचे, बागेचे कागद मी कुठे कुठे शोधायचे?" यात विनोद होता, पण तो वरवरचा. तिशीच्या आतला मनुष्य जीव धोक्यात घालतो तेव्हा तो बहुतांशी स्वतःचा जीव असतो. पुढे तसे राहत नाही. कोकणातल्या जमिनीचा सातबारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. दीड गुंठ्याच्या तुकड्यावर सतरा नावे: काकांची, आत्यांची, बडोद्याला गेलेल्या चुलतभावाची. पन्नाशीच्या माणसाचे आयुष्य हा असाच सामाईक सातबारा असतो. 'माझे आयुष्य माझे आहे' हे वाक्य तिथे चालत नाही, कारण एकट्याच्या सहीने तो तुकडा विकताच येत नाही.

यावर डोंगरी मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते: मुंबई-गोवा रस्त्यावर काय कमी माणसे मरतात? ऐकायला हे बरे वाटते, पण ते पोकळ आहे. रस्त्याने मनुष्य पोटासाठी, लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी जातो. डोंगरावर त्याला कोणी बोलावलेले नसते. दुसरे उत्तर धर्मशास्त्रातले, आणि ते देणारा माझा एक मित्र संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे. तो म्हणतो, केस पिकले, नातवंड दिसले की वनात जावे असे खुद्द मनूनेच सांगून ठेवले आहे, तेव्हा तू शास्त्रोक्तच वागतो आहेस. मी त्याला एवढेच म्हणालो की वानप्रस्थ संध्याकाळच्या एसटीने परत येत नसे, आणि आल्यावर गुडघ्याला तेल लावायलाही कोणाला सांगत नसे.

पण सातबाऱ्याचीच उपमा थोडी पुढे नेली तर तिच्यात दुसरी एक बाजू दिसते. सामाईक जमीन एकट्याला विकता येत नाही हे खरे. ती कसायला मात्र कोणाची हरकत नसते. उलट ती पडीक ठेवली तर सतराही वाटेकऱ्यांचे नुकसान. जो बाप, नवरा, भाऊ वर्षानुवर्षे मनातून पडीक राहतो, त्याच्यापासून घराला काय मिळते? मी डोंगरावर जाऊ लागल्यापासून घरी चिडचिड कमी करतो, असे माझ्या मुलीने आपण होऊन सांगितले आहे. ही साक्ष पक्षपाती धरली तरी टाकाऊ नाही. सह्याद्रीच्या धारेवर उभे राहावे, एका अंगाला देश आणि दुसऱ्या अंगाला थेट समुद्रापर्यंत उतरत गेलेले कोकण पाहावे, आणि त्या अर्ध्या तासात आपल्याला कोणाचेही काही देणे नसावे, याची मोजदाद मला करता येत नाही. आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाने १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत तीस वर्षे काढली. परत जायला मिळावे एवढेच त्याला हवे असेल, आणि तेच मिळाले नाही. त्याच्या राजवाड्यावरून जाताना मला दर वेळी वाटते की ज्याची वाट कोणी अडवलेली नाही त्याने निव्वळ आळसाने घरी बसणे, हेही काही पुण्य नव्हे.

तेव्हा प्रश्न उरतो तो कसणे आणि विकणे यांतली रेघ कुठे ओढायची हा. मला वाटते, ती मागे फिरण्याच्या तयारीपाशी आहे. ज्याला ऐन वेळी डोंगरावरून पाठ फिरवता येते तो आपली सामाईक जमीन कसतो. ज्याला येत नाही तो ती, इतरांना न विचारता, विकायला काढतो. आणि अवघड गोष्ट अशी की वर्षांनी डोंगराकडे परतलेल्या माणसाला हेच दुसरे परतणे नवशिक्यापेक्षाही जड जाते.

ते का, हे मला माझ्या पुतण्यामुळे नीट उमगले. तो कॅनडात, व्हँकुव्हरकडे असतो. आम्ही कोकणातली माणसे बर्फ पाहायची ती पेल्यात. पण ह्याला तिथे स्नोबोर्डचे वेड लागले. एकाच फळीला दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून आडवे घसरत यायचे. तेही जिथे पाळणे आणि राखणदार असतात त्या बांधीव उतारांवर नव्हे. रानातल्या डोंगरावर, जिथे आधी स्वतःच्या पायांनी चढावे लागते. चढताना त्या फळीचे उभे दोन तुकडे होतात, त्यांच्या खाली केसाळ पट्ट्या चिकटवतात, म्हणजे पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. माथ्यावर तुकडे पुन्हा जोडायचे आणि सुटायचे. जुळी मुले झाली तेव्हा त्याने हे सारे बंद केले. चार हिवाळे गेले. गेल्या साली त्याने ते पुन्हा सुरू करायचे ठरवले आणि माझ्या वहिनींचा मला फोन आला, "भावजी, तुम्हीच समजवा त्याला. तुमचंच ऐकतो तो." घरात डोंगराचे वेड आणणाऱ्यालाच ते उतरवायला सांगावे, ही आमच्या वहिनींची न्यायबुद्धी.

मी त्याला समजावले नाही, विचारले. त्याने जे सांगितले आणि त्यामागोमाग मी जे वाचले, त्यातल्या दोन गोष्टी मनात रुतून बसल्या. पहिली ही की ज्या हिमलोटात माणसे सापडतात तो बहुतेक वेळा त्यांनी स्वतः, नाहीतर त्यांच्यातल्याच कोणी, बर्फावर पाय ठेवून सोडवलेला असतो. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार यासाठी सर्वांत वाईट. आणि घसरायला सर्वांत मजेचाही तोच. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहापंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो, पुढे आशा झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात कोणतेही पथक पोचत नाही. वाचवणारा असतो तो सोबतचा गडी, त्याच्या हातातले ठावठिकाणा सांगणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या सातशेहून अधिक हिमलोट-अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्याला असे दिसले की ओळखीच्या उतारावर शिकलेसवरलेली, जाणती माणसेसुद्धा अनोळखी जागेपेक्षा अधिक धोका पत्करतात. 'हा तर आपलाच डोंगर' ही भावना शिक्षणालाही गुंगी आणते. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. चोवीस वर्षांपूर्वीचा ज्याला त्याला मी 'आपला' म्हणत होतो; पण ओळख ठेवायला डोंगर काही आपला सोयरा नव्हे. ओळख एकतर्फी असते.

आणि डोंगर तरी जागच्या जागी असतो का? कोकणात बंद घर उघडण्याची एक रीत आहे. चाकरमानी दहा वर्षांनी घर उघडतो तेव्हा तो थेट माजघरात जाऊन आडवा होत नाही. आधी दारे सताड उघडतो, काठीने कोनेकोपरे आपटतो, वाशांना वाळवी लागली का पाहतो, विहिरीत डोकावतो, शेजारच्याला हाक मारून 'पाणी प्यायचं का हे?' असे विचारतो. घर आजोबांचे, स्वतः तिथेच जन्मलेला, तरी विचारतो. यात त्याला कमीपणा वाटत नाही. डोंगराच्या बाबतीत मात्र हीच चौकशी करायला आपली जीभ रेटत नाही. सह्याद्रीचा पाऊस दर साली वाटा मोडतो आणि नव्या पाडतो. २२ जुलै २०२१ च्या आसपासचा पाऊस आमच्या जिल्ह्यातले कोणी विसरणार नाही. चिपळूण बुडाले, खेड तालुक्यात पोसऱ्याला डोंगर घरांवर आला, पलीकडे महाडजवळ तळिये दरडीखाली गेले. जिथे पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्यांचा अंदाज चुकला, तिथे माझ्या विशीतल्या आठवणीचा काय भरवसा?

म्हणून गेल्या पौषात प्रचितगडासाठी शृंगारपूरला गेलो तेव्हा मी गावात तासभर नुसता बसलो. येसूबाईंचे माहेर म्हणून या गावाचे नाव इतिहासात आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "कवा आलावतास शेवटचा?" मी वर्षे सांगितली. ते म्हणाले, "मग नवाच हायस." इतका नेमका दाखला मला कोणत्याही संस्थेने दिला नसता.

माझ्याबरोबर रत्नागिरीची तीन तरुण मुले होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. तिघेही माझ्यापेक्षा चपळ, सरावातली, दोराच्या गाठी डोळे मिटून मारणारी. आणि तरीही वाटेत मला जे दिसले त्याने मी अस्वस्थ झालो. कुठेही दोन वाटा फुटल्या की तिघे माझ्या तोंडाकडे पाहात. माझ्या तारुण्यातल्या दोनचार गोष्टी कोणी तरी त्यांना मीठमसाला लावून सांगितल्या होत्या. त्या गोष्टींतला मनुष्य आणि त्यांच्या पुढे धापा टाकणारा मनुष्य यांत चोवीस वर्षे उभी आहेत, हे डोळ्यांना दिसत असूनही त्यांच्या मनाला दिसत नव्हते. जुने नाव हे असे असते. ते इतरांची तोंडे बंद करते. नवशिक्याला सगळे टोकतात. परतलेल्याला कोणी टोकत नाही. सातबाऱ्यावरची नावे घरचीच असतात असे मी समजत होतो; दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांचीही नावे त्यावर चढलेली असतात, हे त्या वाटेवर माझ्या ध्यानी आले.

पदर ओलांडून उभ्या चढाला लागलो तेव्हा उन्हे चांगली वर आली होती. निघायला उशीर झाला होता, मधे एक जागा दरडीने खाल्ली होती, तिला वळसा घालण्यात आणखी वेळ गेला. गडाची लोखंडी शिडी अजून वर होती. मी सर्वांना बसवले आणि आधी मुलीला विचारले, कारण ती सर्वांत धाकटी. लष्करी न्यायसभेत सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत पहिल्यांदा घेण्याची रीत आहे. वरिष्ठ आधी बोलला तर खालचा मनातले बोलत नाही. ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "काका, शिडी चढून जाऊ आपण. पण उतरताना त्या खाल्लेल्या जागेपाशी अंधार होईल." इतका वेळ हे तिच्या मनात होते आणि माझ्या आदरापायी ती गप्प होती! धाकट्या मुलाने "काका, अर्ध्या तासाचं तर काम आहे" म्हणून पाहिले. आम्ही तिथूनच मागे फिरलो. गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या मुलाने परतीच्या एसटीत माझ्याशी फारसे भाषण केले नाही, आणि मीही त्याची समजूत घालण्याच्या भरीस पडलो नाही. गड न पाहता परतल्याचे मला वाईट वाटले, आणि अजूनही वाटते. ते वाटू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. मागे फिरण्याची किंमतच द्यावी लागत नसती तर त्यात नीतीचा प्रश्न तो काय राहिला असता?

मोठ्यांच्या गोष्टींत ही किंमत डोळ्यांत भरते. १९२४ च्या ४ जूनला एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर नळकांड्यातल्या प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोचला. शिखराला तीनशे मीटरही उरले नव्हते. त्याची दृष्टी दुभंगली होती, वेळ उरला नव्हता. तो मागे फिरला. चारच दिवसांनी जॉर्ज मॅलरी, त्या पर्वताकडे तिसऱ्यांदा आलेला, घरी पत्नी आणि तीन मुले असलेला सदतीस वर्षांचा शिक्षक, अर्व्हिनसह वर गेला तो आलाच नाही. ७५ वर्षांनी, १९९९ साली, त्याचे शव सापडले. जगाला मॅलरी ठाऊक आहे. नॉर्टनचे नाव किती जणांना सांगता येईल? मॅलरी चुकला असे मी घरात बसून म्हणणार नाही. पण जगाची कीर्ती कोणाकडे झुकते आणि घरातली माणसे कोणासाठी देवाला नवस बोलतात, यांत अंतर आहे खरे.

तेनझिंगची गोष्ट मला जवळची वाटते. १९३५, १९३६ आणि १९३८ अशा तीन मोहिमांत तो एव्हरेस्टवर गेला. मग महायुद्ध आले आणि डोंगर सुटला. त्या वर्षांत तो दूर चित्रळला नोकरीला होता. तिथेच त्याची पहिली बायको वारली आणि दोन लहान मुलींना घेऊन तो दार्जिलिंगला परतला. पुढे १९४७ साली आणि १९५२ मध्ये दोनदा तो पुन्हा एव्हरेस्टवर गेला, आणि दर वेळी मागे फिरला. १९५२ च्या वसंतात तर तो आणि लाँबेर शिखरापासून अवघ्या अडीचशे मीटरांवरून उतरले. २९ मे १९५३ ला तो माथ्यावर उभा राहिला ते हे सारे मागे फिरणे गाठीशी बांधून. तिथे त्याने बर्फात जे पुरले त्यात थोडा गोड खाऊ होता आणि मुलीने दिलेली लालनिळी पेन्सिल होती. सातबाऱ्यावरची नावे तो वर घेऊन गेला होता.

आणखी एक म्हातारा सांगतो. जपानचा युइचिरो मिउरा. १९७० साली तो एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून पाठीला हवाई छत्री लावून स्की करीत उतरला आणि जगभर गाजला. पुढे साठीत तो लठ्ठ झाला, तब्येत बिघडली, आणि मग त्याने पायांना वजने बांधून रस्त्यावर चालण्यापासून पुन्हा आरंभ केला. ७०, ७५ आणि ८० व्या वर्षी, म्हणजे २००३, २००८ आणि २०१३ साली, तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले ते या आकड्यांसाठी. मला त्याची २०१९ ची मोहीम मोठी वाटते. ८६ व्या वर्षी तो दक्षिण अमेरिकेत अकोंकाग्वावर गेला. बरोबरच्या डॉक्टरने, हृदयाला झेपणार नाही म्हणून, त्याला वाटेत थांबवले. मुलगा शिखरावर गेला आणि बाप खाली उतरला. तीनदा एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला 'आता पुरे' असे तोंडावर म्हणू शकेल असा कोणी त्याने सोबत ठेवला होता, आणि त्याचे ऐकलेही.

कारण न ऐकणाऱ्याचा भार अखेर दुसऱ्यांच्या खांद्यांवर जातो, आणि आपल्याकडे ते खांदे बहुधा बिनपगारी असतात. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात कोसळली. तीसच्या आसपास माणसे गेली. भर पावसात दोर लावून त्या दरीत उतरले आणि एकेक देह वर आणला तो आसपासच्या गिर्यारोहकांनी. त्या बिचाऱ्या प्रवाशांचा काही दोष नव्हता. ते कोणत्याही साहसाला निघाले नव्हते. पण डोंगरात हौसेने जाणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. आपल्यासाठीही असाच कोणी तरी, आपली पाळी सोडून, घरच्यांना खोटेनाटे सांगून, निसरड्या कातळावरून खाली उतरणार असतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊकही नसते.

उतरणे ही गोष्टच आपल्याकडे दुर्लक्षित. आषाढीला पालख्यांबरोबर लाखो माणसे पंढरपूरला चालत जातात, त्यांचे वर्णन सगळीकडे असते. पण पालखी परतही येते, आणि तीही पायीच! त्या परतवारीत मूठभर माणसे असतात. ना स्वागताच्या कमानी, ना गर्दी. मजला लांब लांब, पाऊस डोक्यावर. जाताना ज्या भक्तीने गेलो तिच्याच भक्तीने घरी येणे हे काही थोड्यांनाच साधते. डोंगर चढताना छाती भरते, उतरताना मांड्या भरतात. आणि मांड्यांना कोणी टाळ्या वाजवीत नाही.

पुतण्याने शेवटी आपले आपणच ठरवले. पहिल्या वर्षी तो ३० अंशांहून उभ्या उतारावर जाणार नाही, आणि बरोबरच्या मंडळींत सर्वांत नव्याचे मत आधी घ्यायचे. हे वहिनींना फोनवर समजावून सांगताना माझी फार तारांबळ उडाली. अंश म्हणजे काय इथपासून तयारी होती. त्यांचे पुरते समाधान झालेले नाही. "तुम्ही दोघे एकाच माळेचे मणी," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या घरी आता मार्गशीर्षातली आखणी चालली आहे. खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तीन गड ओळीने आहेत. रसाळगडाचा चढ सोपा, तिथे झोलाईचे देऊळ आहे. सुमारगड मात्र चढाईला तिघांत सर्वांत कठीण. पत्नीने विमा आणि बँकेचे कागद एका पत्र्याच्या डब्यात घालून त्यावर चिठ्ठी डकवली आहे, आणि झोलाईच्या देवळापर्यंत आपणही येणार असे जाहीर केले आहे. शृंगारपूरच्या वाटेवर होती ती मुलगी पुढे दोर घेऊन येईल. एसटीत रुसलेल्या त्या मुलानेही परवा फोन केला होता. सकाळी किती वाजता निघायचे ते विचारीत होता. मी चार म्हणालो. सुमारगडाचे आम्ही अजून ठरवलेले नाही.